पावडर कसली?

४ डिसेंबर
चौथीला विषय दिला : गुऱ्हाळ. दहा ओळी. शाळेच्या खिडकीतून चिमणीचा धूर दिसतो, मळीचा वास वर्गात येतो. तरी बहुतेक वह्यांत पहिलं वाक्य एकच : 'मला गुऱ्हाळ खूप खूप आवडते.' शेवटचंही ठरलेलं : 'आपण गुऱ्हाळाची काळजी घेतली पाहिजे.' मधल्या आठ ओळींत गुऱ्हाळ नाही.

५ डिसेंबर
सगळी गाईच्या निबंधावर वाढलेली. चार पाय, दोन शिंगं, एक शेपूट, गाय आपली माता. आ.नं लिहिलंय : 'गुऱ्हाळाला एक चिमणी असते, एक घाणा असतो आणि एक काहील असते.' हसले. मग वाटलं, निदान काहील तरी आली.

बीडकडची टोळी गावाबाहेर उतरली आहे. त्यातली एक मुलगी आज वर्गात आली. शिक्षण हमी कार्ड नीट घडी घालून आणलं होतं. मागच्या बाकावर बसली. बोलली नाही.

७ डिसेंबर
फळ्यावर दोन रकाने. माहिती, मत. एकेक वाक्य सांगायचं, वर्गानं रकाना ठरवायचा. 'गुळाचा रवा दहा किलोचा असतो.' माहिती. 'गुऱ्हाळ भारी असतंय.' मत. 'गूळ गोड असतो' वर भांडण लागलं. आ. म्हणाला, 'मत हाय बाई. ज्याला गोड आवडत न्हाई त्यानं काय करायचं?' रे. उसळली, 'आमच्या आज्जीला साखरंचा आजार हाय, खायला बंदी हाय. पर लागतंय गोडच की.'

तास संपला तरी दारात उभं राहून वाद चालू.

भिंतीवर मोठ्या अक्षरात एक कागद लावला : कशावरून?

९ डिसेंबर, शनिवार
सकाळची शाळा. वर्ग घेऊन गुऱ्हाळावर. अट घातली : 'छान', 'सुंदर', 'खूप' घरी ठेवून यायचं. दिसलं, ऐकलं, वास आला, तेवढंच लिहायचं.

श.चे वडील गुळव्या. काहिलीच्या कडेला, अंगात नुसती बंडी, हातात लांब दांड्याचा झारा. भेंडीचं पाणी ओतलं तशी मळी वर आली. काळपट हिरवी, फेसाळ. ती झाऱ्यानं काढत राहिले, बोलणं नाही. खाली चुलवाणात एक माणूस वाळकी चिपाडं सारत होता. रस पिवळा झाला, मग तांबूस. शेवटाला बुडबुडे मोठे आणि सावकाश. झाऱ्यावरचा पाक गार पाण्यात सोडला, दोन बोटांत गोळी वळली, पातेल्याच्या काठावर मारली. टण्ण. 'झाला.' यारीनं काहील उचलून वाफ्यात ओतली. वाफेत कोणी दिसेना.

रे.नं लिहिलं : 'गोळीचा आवाज आला की गूळ झाला.' या वाक्याला हात लावला नाही.

श.नं काहीच लिहिलं नाही. 'मला म्हायतीच हाय समदं.'

११ डिसेंबर
श.ची वही. दोन पानं, पूर्णविराम एकच, तोही कडेला चुकून पडलेला. पण काय नाही त्यात! उसाच्या शंभर किलोला दहा-बारा किलो गूळ. मळी कशी फुटते. भेंडी कुठली चालते, कुठली नाही. एक काहील उतरायला अडीच-तीन तास. सगळं एकात एक घुसलेलं. रवा आधी, वाफा नंतर, मग पुन्हा घाणा.

त्याची वाक्यं पट्ट्यांवर लिहून घेतली, जमिनीवर टाकली. वर्गानं क्रम लावायचा. वाऱ्यानं मळीची पट्टी उडाली, तर श. ओरडला, 'मळी काढल्याबिगर फुडं जाऊ नका, गूळ काळा हुईल!'

एका पट्टीवर : 'मग बा पावडर टाकतो.' वाफ्याच्या आधी ठेवली. कोणी काही विचारलं नाही. मीही नाही.

'बा' ठेवायचं की 'वडील' करायचं? माहितीच्या परिच्छेदात 'गुळव्या' म्हणू या, असं त्यालाच सुचलं. 'बा एकटाच थोडाच गुळव्या हाय?'

१२ डिसेंबर
केंद्रातून निरोप. माहिती दुपारी दोनपर्यंत पाठवा. तीच माहिती, जी मागच्या महिन्यात पाठवली. नमुना बदललाय. दिवस त्यात गेला. मुलं खिचडीनंतर मैदानात.

१४ डिसेंबर
दुसरा विषय पूर. इथं सगळ्यांना पाठ आहे, तरी मुलं तेव्हा लहान. २०१९ ला पाच वर्षांची. घरच्यांकडून ऐकलेलं आणि स्वतः पाहिलेलं वेगळं करता येत नाही.

रे. : 'पुराचे पाणी ४३ फूट आले.' आ. लगेच, 'तेहतीस का त्रेचाळीस? त्रेचाळीस म्हंजी तिकटीवरचा आंबा बुडाला असता की.' मग ४३ कुठून आले ते पाहिलं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फूट इशारा, ४३ धोका. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा ५५ फुटांच्या वर गेली होती. 'पर हे बंधाऱ्यावरचं. आमच्यातलं किती?' बरोबर प्रश्न.

व्हरांड्याच्या भिंतीवर पुराची रेघ आहे. रंगकाम झालं तरी खालचा पोपडा सांगतो. टेप आणला. तीन फूट नऊ इंच. रे.नं लिहिलं : '२०२१ च्या पुरात शाळेच्या व्हरांड्यात ३ फूट ९ इंच पाणी होते. आम्ही ते टेपने मोजले.' मागून श. : 'पाणी कुठं मोजलं? रेघ मोजली.'

खोडलं. 'आम्ही भिंतीवरची रेघ मोजली.'

१५ डिसेंबर
बीडची मुलगी, प., आज बोलली. वर्गात नाही, नळावर. तिला विचारलं, तू कशाबद्दल लिहिशील? 'कोयता.' म्हटलं, विळ्यासारखं हत्यार? माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प.

१६ डिसेंबर
प.ची चार वाक्यं. उतरवून ठेवते. 'नवरा बायको मिळून एक कोयता असतो. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. मुकादम कोयत्याला उचल देतो. उचल फिटेपर्यंत ऊस तोडतात.' 

वर्ग शांत. मग आ. : 'पोरं कशात धरतेत?' प. म्हणाली, 'कशातच नाही.'

तिला पाचवं वाक्य सुचवणार होते. नाही सुचवलं.

१८ डिसेंबर
डी.एड.ची मैत्रीण मालवणजवळच्या शाळेत आहे. तिच्या चौथीनं गुऱ्हाळ पाहिलेलं नाही, माझ्या चौथीनं समुद्र पाहिलेला नाही. परिच्छेद एकमेकांना पाठवायचे ठरलं. फोटो काढून मोबाइलवर नको. पोस्टानं. पाकिटावर पत्ता कोण लिहिणार यावर चिठ्ठ्या टाकल्या.

श.चा गुऱ्हाळ, रे.चा पूर, प.चा कोयता, आणखी म्हशीचे तीन. म्हशीचे मनाविरुद्ध गेले. तिन्हींत म्हैस आपल्याला दूध देते. कोल्हापुरात गंगावेशीला म्हैस समोर उभी करून गिऱ्हाइकाला धारोष्ण दूध देतात. तिथं दर आठवड्याला जाणारं पोर वर्गात आहे, त्याच्या वहीत ते नाही. त्याला वाटतं ते लिहायचं नसतं.

२१ डिसेंबर
केंद्रप्रमुख आले. वह्या पाहिल्या. 'परिच्छेद लहान आहेत.' म्हटलं, वाक्यं खरी आहेत. 'ते ठीक. चाचणीत ओळी मोजतात.' 'कशावरून?' हा कागद वाचून हसले. जाताना म्हणाले, हा कागद आमच्या ऑफिसात लावायला पाहिजे. मग घड्याळ बघितलं आणि निघाले.

२४ डिसेंबर, रविवार
लीलाताई पाटलांचं 'ऐलमा पैलमा शिक्षणदेवा' परत काढलं. त्यांची सृजन आनंद शाळा कोल्हापुरातच, १९८५ ची. माझ्या शाळेपासून स्कूटरनं किती लांब? आणि तरी किती लांब.

धुणं राहिलं.

२९ डिसेंबर
मालवणहून पाकीट. जाड. वर्ग बाकांवर चढला.

त्यांचा परिच्छेद रापणीचा. होडीतून जाळं समुद्रात सोडत जातात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, मग दोन बाजूंनी माणसं ओढत आणतात. मिळालेल्या मासळीचे वाटे. आमच्या वर्गाचा पहिला प्रश्न, 'मासं पळून का जात न्हाईत?' दुसरा, 'ओढायला न्हाई आलं त्याला वाटा मिळतो का?' दोन्ही लिहून घेतले.

आणि आमच्यावर त्यांचे प्रश्न. श.च्या परिच्छेदाला सर्वांत जास्त. काहील म्हणजे कढई काय? किती माणसं बसतील? मळी टाकून देतात की खातात? यारी म्हणजे कोण? श. एकेकाला उत्तर देत होता, छाती फुगवून. शेवटचा प्रश्न : पावडर कसली?

'पांढरी,' म्हणाला. मग खाली बसला.

३ जानेवारी
सावित्रीबाईंची जयंती. मुली नऊवारी नेसून आल्या. भाषणं गाइडातली, हातवारे यूट्यूबवरचे. छान झाली. 

दुपारी वर्गात मुक्ताबाईचं सांगितलं. फुल्यांच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली मुलगी. १८५५ साली तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी. डोळ्यांसमोर होतं ते लिहिलं. चौदा वर्षांची असेल.

रे. : 'तिला कोण रागवलं न्हाई?'

प. सगळा वेळ माझ्याकडे बघत होती.

४ जानेवारी
श.ला म्हटलं, पावडरचं विचारलंस का? मान हलवली. 'बा म्हणाला, तुला काय करायचंय.'

५ जानेवारी
आज स्वतःहून आला, मधल्या सुट्टीत. 'हायड्रॉस म्हणत्यात. आई म्हणाली.' मग हळू आवाजात, 'भेंडी मळी काढती. पावडर रंग काढती.' वहीत तसंच लिहिलंय. शिवाय एक वाक्य, मी न विचारता : 'घरच्यासाठी काढतात त्या गुळात पावडर टाकत नाहीत. तो तांबडा असतो.'

कशावरून, असं विचारायची गरज नाही. डब्यात पोळीबरोबर होता. तांबडा.

रात्री उशिरापर्यंत झोप नाही. गुऱ्हाळाचे मालक शाळा व्यवस्थापन समितीवर. पाण्याचा फिल्टर त्यांनी दिलाय. श.च्या वडिलांचं पोट त्या काहिलीवर.

८ जानेवारी
हेडसरांना वही दाखवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. 'परिच्छेद उत्तम आहे. ते वाक्य गाळू या.' कोणतं? 'तुम्हाला माहितीये.' म्हटलं, गाळलं तर मालवणच्या पोरांना काय उत्तर द्यायचं? 'मालवणची पोरं आपल्याला फिल्टर देणार आहेत का, बाई?'

वाईट माणूस नाही. २०२१ च्या पुरात शाळेची दप्तरं डोक्यावरून याच माणसानं काढली.

९ जानेवारी
काही ठरवलं नाही.

१० जानेवारी
मालक स्वतः शाळेत. कोणी सांगितलं माहीत नाही. गावात सांगावं लागत नाही. वही मागितली. उभ्यानंच वाचली, बोट ओळींवरून फिरवत. श. दाराच्या आड.

'बाई, पोरगं खोटं काय लिवलेलं न्हाई.' थोडं थांबून, 'पर अर्धं लिवलंय. सौद्यात व्यापारी पयला रंग बघतोय. पिवळा माल असला तर दर, तांबडा असला की बाजूला ठेव म्हणतोय. शेरातली माणसं पिवळाच मागत्यात. बाहेरचा गूळ कोल्हापुरी म्हणून इकत्यात त्यो बी पिवळाच. मी एकट्यानं पावडर बंद करून काय करू? ह्ये बी लिवा म्हणावं. का निसतं आमचंच?'

चहा घेतला नाही. हेडसर त्यांच्यामागं फाटकापर्यंत गेले.

११ जानेवारी
श. दोन वाक्यं वाढवून आला. 'बाजारात पिवळ्या गुळाला जास्त दर मिळतो. म्हणून पावडर टाकतात.' कशावरून? 'मालक म्हणालं.' मग 'मालक म्हणाले' हे वाक्यात घातलं. कोण म्हणालं ते लिहायचं, हे त्याला एका दमात पटलं. मोठ्यांना पटवताना माझं आयुष्य गेलं.

'आई म्हणाली' मात्र घालू नको म्हणाला. नाही घातलं.

१६ जानेवारी
संक्रांतीचे तिळगूळ घेऊन मुलं आली. टेबलावर कागद अंथरला. पिवळे, तांबूस, जवळजवळ काळे, साखरेचे हलवा-लाडू वेगळेच. वर्ग त्याभोवती. कोणी काही शिकवलं नाही, तरी आ.नं रंगाप्रमाणे ओळ लावली आणि प्रत्येकाला विचारत सुटला, 'गूळ कुठला? घरचा का इकतचा?' शेवटी खाऊन टाकले सगळे.

१८ जानेवारी
श.चे वडील दिसले, एसटी स्टँडवर. मी थांबले. ते थांबले नाहीत.

२० जानेवारी
म्हशीचे परिच्छेद परत आलेत, फक्त एक प्रश्न : 'तुमची म्हैस आणि आमची म्हैस सारखीच आहे का?' तीन मुलं खजील. गंगावेशीवाल्यानं वही ओढली आणि लिहायला बसला. पहिलं वाक्य : 'गिऱ्हाईक चरवी घेऊन उभं राहतं.' पुढं धाराच धारा.

२४ जानेवारी
सर्वेक्षणाचं काम लागलं. शाळा दुपारी सोडून घरोघर. मोबाइलवर प्रश्न, उत्तरं टाकायची, पुढचा प्रश्न. एका घरात आजीबाई म्हणाल्या, 'एवढं इचारताय, ल्हिणार काय?' गुऱ्हाळाच्या मालकांचंही घर माझ्याच यादीत. सगळी उत्तरं व्यवस्थित दिली. जाताना गुळाचा खडा हातावर ठेवला. तांबडा.

२६ जानेवारी
झेंडावंदन. व्हरांड्यात परिच्छेदांचं प्रदर्शन. पूर मधोमध, भिंतीवरच्या रेघेशेजारीच, ही रे.ची कल्पना. पालक टेप मागवून स्वतः मोजत होते. एकाचं म्हणणं, चार फूट होतं. त्याला त्याच्या बायकोनं गप्प केलं.

गुऱ्हाळ व्हरांड्यात नाही. वर्गात, आतल्या भिंतीवर. हेडसरांशी तेवढ्यावर ठरलं. आत जाऊन किती जणांनी वाचला, मोजलं नाही. मालक गेले आत. बराच वेळ होते.

श. विचारत होता, 'माझा भाईर का न्हाई?' 'जागा पुरली नाही' म्हणवेना. 'बाहेर लावायला काही जणांची हरकत होती,' म्हटलं. 'कुणाची?' 

आता हा प्रश्नही मीच शिकवलेला.

२ फेब्रुवारी
प.चा बाक रिकामा. टोळी हलली. पलीकडच्या तालुक्यात, म्हणतात. हमी कार्ड तिच्याकडे आहे का, पाहायला गेले तर कोप्यांच्या जागी राखेचे डाग आणि पाचट. मुकादमाचा नंबर मिळाला, उचलत नाही. केंद्रप्रमुखांना कळवलं. त्यांनी लगेच दोन फोन केले, हे नोंदवते.

५ फेब्रुवारी
मुकादमानं फोन उचलला. कार्ड मुलीच्या दप्तरात आहे, शाळा जवळ आहे. नाव सांगितलं. तिथल्या शिक्षकांशी बोलले. 'येते, पण मागं बसते,' म्हणाले. त्यांना म्हटलं, तिला कोयत्याबद्दल विचारा.

८ फेब्रुवारी
दुसरं पाकीट मालवणला. श.चा परिच्छेद सगळा, पावडरसकट, दरासकट. प.चाही, नव्या शाळेच्या पत्त्यासह. गंगावेशीची म्हैस तीन पानं. पोस्टातला माणूस म्हणाला, वजन वाढलंय, तिकिटं जास्त लागतील.

१२ फेब्रुवारी
पुढचा विषय मुलांनी निवडायचा. मतदान घेतलं. रापणीचा दोर, क्रिकेटचा चेंडू, ट्रॅक्टर यांना पडली थोडी थोडी. सर्वांत जास्त : गावाचा नळ एक दिवसाआड का येतो.

हेडसरांनी दारातून ऐकलं. आत आले नाहीत. दुपारी म्हणाले, 'विषय चांगलाय. पण ट्रॅक्टरसुद्धा चांगला होता.'

रे. उद्यासाठी यादी करते आहे, कुणाकुणाला विचारायचं. पाणी सोडणारा माणूस. टाकीजवळची आजी. ग्रामसेवक. सरपंच. सरपंचांच्या नावापुढं प्रश्नचिन्ह होतं, ते श.नं खोडलं.

'बाई, टाकी किती लिटरची, हे कुठं ल्हिलेलं असतंय? आत उतरून मोजायचं का?'

टाकीत उतरायचं नाही, हे फळ्यावर लिहून ठेवलं. मोठ्या अक्षरात.